टाकून देण्याचे गणित: आळंदीचे प्रस्थान पडद्यावर कसे पोचले

इंटरनेटवरून येणारा व्हिडिओ मोबाइलच्या पडद्यावर न अडखळता आणि बऱ्यापैकी स्वच्छ दिसू लागला, याचे श्रेय सामान्यतः स्वस्त डेटाला आणि वेगवान नेटवर्कला दिले जाते, आणि ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे. फुल एचडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे मिळून सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके, म्हणजे पिक्सेल असतात; प्रत्येक पिक्सेलचा रंग नोंदवायला २४ बिट लागतात आणि सेकंदाला अशी २५ चित्रे, म्हणजे फ्रेम दाखवल्या जातात. हा गुणाकार केला की सेकंदाला १२४ कोटी बिट एवढा आकडा येतो, आणि ४जी जोडणीला सेकंदाला एक कोटी बिट मिळाले तरी ते या मागणीच्या शंभराव्या हिश्श्यालाही पुरत नाहीत. प्रत्यक्षात तेच चित्र आज ४० ते ५० लाख बिटांत पोचते. मधली सगळी माहिती वाटेत हरवत नाही, तर पाठवण्याआधीच विचारपूर्वक काढून टाकलेली असते, आणि या काढून टाकण्याच्या शास्त्राला व्हिडिओ कॉम्प्रेशन म्हणतात. हे शास्त्र अर्ध्या शतकात घडले, आणि महाराष्ट्रात त्याचा कस पाहणारा एक प्रसंग २०२० साली आळंदीत उभा राहिला.

या गणिताचा पाया मानवी डोळ्याच्या मर्यादांवर आहे. डोळा उजेड आणि अंधार यांतला फरक बारकाईने टिपतो, रंगातला फरक मात्र तेवढ्या बारकाईने टिपत नाही. म्हणून रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकदाच ठेवली तरी प्रेक्षकाला उणीव जाणवत नाही, आणि एवढ्या एकाच युक्तीने मूळ माहिती निम्म्यावर येते. त्याचप्रमाणे विस्तीर्ण पृष्ठभागावरचा संथ बदल डोळ्याला चटकन कळतो, पण दाट आणि बारीक पोतातला किरकोळ फरक सहसा कळत नाही. हे दोन प्रकारचे बदल एकमेकांपासून वेगळे काढण्याची सोयीस्कर गणिती रीत शोधली ती मूळचे बंगळूरचे आणि अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवणारे नासिर अहमद यांनी. या संशोधनासाठी त्यांनी १९७२ साली अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे मागितलेले अनुदान नाकारले गेले, तरी त्यांनी काम सोडले नाही, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रीतीत चित्राचा एक लहान चौकोन, पुढच्या काळात रूढ झालेल्या मापाने आठ बाय आठ पिक्सेलचा, घेऊन तो संथ आणि दाट लहरींच्या बेरजेच्या रूपात मांडला जातो. मग दाट लहरींचे आकडे ढोबळपणे पूर्णांकित केले की त्यांतले बरेचसे शून्य होतात, आणि चौसष्ट आकड्यांच्या जागी मोजकेच पाठवावे लागतात. हे पूर्णांकन प्रमाणाबाहेर गेले, तर पडद्यावर ज्या ओबडधोबड चौकटी उमटतात, त्या याच चौकोनांच्या कडा असतात.

एका चित्रातली फालतू माहिती अशी कमी झाली, तरी लागोपाठच्या चित्रांमधली पुनरुक्ती शिल्लक राहत होती. आळंदीच्या समाधी मंदिराच्या गाभाऱ्यात रोखलेल्या कॅमेऱ्याचे उदाहरण घेतले, तर एका सेकंदातल्या २५ फ्रेममध्ये भिंत, समई, मखर यांत काहीच बदल होत नाही आणि हलतो तो फक्त पुजाऱ्याचा हात. तेव्हा पहिली फ्रेम संपूर्ण पाठवून पुढच्या फ्रेमसाठी ‘मागच्या चित्रातला अमुक तुकडा इतके पिक्सेल उजवीकडे सरकव’ अशी सूचना पाठवणे पुरेसे ठरते. या पद्धतीला मोशन कॉम्पेन्सेशन, म्हणजे हालचालीचा अंदाज बांधून फक्त उरलेला फरक पाठवणे, असे म्हणतात. जसवंत जैन आणि अनिल जैन यांनी १९८१ साली चित्राचे चौकोन पाडून त्यांची सरकण्याची दिशा शोधण्याची आणि उरलेल्या फरकाला कोसाइन ट्रान्सफॉर्मसारखी रीत लावण्याची एकत्रित मांडणी केली, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक कोडेकचा (चित्र आटवणाऱ्या आणि पुन्हा उलगडणाऱ्या यंत्रणेचा) सांगाडा तोच राहिला. या इतिहासाच्या आरंभीच भारतीय नावे ठळकपणे येतात, पण ज्या देशात त्यांच्या गणिताचा पुढे मोठा वापर झाला, तिथे ती फारशी कोणाला ठाऊक नाहीत, हे नोंदवले पाहिजे.

त्या काळात आळंदीत पोचणारे चित्र मात्र पूर्णपणे जुन्या, ॲनालॉग पद्धतीचे होते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ साली सिंहगडावर मनोरा उभा राहिल्यावर पुणे परिसरात त्याचे कार्यक्रम दिसू लागले. तिथे चित्र बिघडायचे ते मुंग्या येऊन, कारण पाठवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये गणिताला वावच नव्हता. आकड्यांच्या स्वरूपातला व्हिडिओ आधी बैठकांच्या खोलीत आणि मग तबकडीवर आला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने १९९० साली मंजूर केलेले एच.२६१ हे मानक टेलिफोनच्या तारेवरून व्हिडिओ परिषद घेण्यासाठी होते, आणि १९८८ साली स्थापन झालेल्या एमपेग या तज्ज्ञगटाने १९९३ मध्ये दिलेले एमपेग-१ हे मानक व्हीसीडीच्या रूपाने भारतातल्या घराघरांत शिरले. साडेतीनशे बाय पावणेतीनशेच्या आसपास पिक्सेल आणि आवाजासह सेकंदाला सुमारे १५ लाख बिट, एवढ्यात चित्रपट, नाटके आणि कीर्तने तबकडीवर मावली. नंतरच्या एमपेग-२ ने डीव्हीडी आणि डीटीएच यांची वाट मोकळी केली, आणि दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली.

इंटरनेटला मात्र यांतले काहीच पेलणारे नव्हते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, आणि त्या दशकाच्या अखेरीसही घरगुती मोडेमची कमाल मजल सेकंदाला ५६ हजार बिट होती. व्हीसीडीचे आधीच आटवलेले चित्रसुद्धा त्या तारेच्या ताकदीच्या सव्वीस पटींनी जड होते. त्यामुळे वेबवरचा आरंभीचा व्हिडिओ पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत, धक्के खात चालायचा, आणि बहुतेक जण तो आधी पूर्ण उतरवून घेऊन मगच पाहायचे. एप्रिल २००५ मध्ये पहिला व्हिडिओ चढवणाऱ्या यूट्यूबनेही ३२० बाय २४० पिक्सेलची माफक चौकट आणि जुन्या पिढीचा कोडेक यांवरच सुरुवात केली.

ही कोंडी फोडणारे मानक त्याआधीच, मे २००३ मध्ये मंजूर झाले होते. दूरसंचार संघटनेचा गट आणि एमपेग यांनी एकत्र बसून तयार केलेल्या या एच.२६४ मानकात हालचाल शोधण्यासाठी चार बाय चार पिक्सेलपर्यंतचे लहान तुकडे घेता येऊ लागले, एकाऐवजी मागच्या अनेक फ्रेममधून साम्य शोधता येऊ लागले, आणि चौकोनांच्या कडा गुळगुळीत करणारी गाळणी कोडेकच्या आतच बसवली गेली. परिणामी एमपेग-२ ला जेवढे बिट लागत, त्याच्या सुमारे निम्म्यात तोच दर्जा मिळू लागला. २००७ च्या अखेरीस फ्लॅश प्लेयरने हे मानक स्वीकारले, मोबाइलच्या चिपमध्ये ते उलगडणारे स्वतंत्र मंडल बसू लागले, आणि त्यामुळे बॅटरी न संपवता फोनवर तासभर व्हिडिओ पाहणे शक्य झाले. वेबवरच्या व्हिडिओची गुणवत्ता कोणत्या एका टप्प्यावर पालटली, असा प्रश्न केला, तर उत्तर एच.२६४ हेच द्यावे लागेल.

त्याच्या जोडीला आणखी एक युक्ती आली, जी कॉम्प्रेशन नसूनही त्याच्याशिवाय निरर्थक ठरली असती. एकच व्हिडिओ सहा-आठ वेगवेगळ्या दर्जांत आटवून ठेवायचा, प्रत्येक प्रत काही सेकंदांच्या तुकड्यांत कापायची, आणि प्रेक्षकाच्या फोनने त्या क्षणी मिळणाऱ्या वेगानुसार पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागायचा ते ठरवायचे, अशी ही ॲडॅप्टिव्ह स्ट्रीमिंगची पद्धत आहे. ॲपलने २००९ मध्ये तिचे एक रूप आणले आणि २०१२ मध्ये डॅश नावाने तिचे आंतरराष्ट्रीय मानक झाले. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो’ असे जे लिहिलेले असते, ते हेच. कार्तिकी यात्रेच्या दिवसांत इंद्रायणीच्या घाटावर लाखो लोक जमतात आणि मोजक्या टॉवरांची ताकद त्या सगळ्यांत वाटली जाते, तेव्हा फोनवरचे चित्र धूसर होते पण थांबत नाही, याचे कारण फोन गुपचूप खालच्या पायरीवर उतरलेला असतो. चित्र थांबून गोल चक्र फिरत राहणे, ज्याला सर्रास बफरिंग म्हटले जाते, हे धूसरपणापेक्षा प्रेक्षकाला कितीतरी जास्त खुपते, ही जाणीव या पद्धतीच्या मुळाशी आहे.

सगळे व्हिडिओ सारख्याच सुलभतेने आटत नाहीत, आणि वारी हा या दृष्टीने फार अवघड विषय आहे. निवेदक खुर्चीत बसून बोलतो, तेव्हा कोडेकला फक्त ओठ आणि हात सांभाळायचे असतात. दिंडीत शेकडो भगव्या पताका एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांनी फडफडतात, टाळकऱ्यांच्या रांगा पावली खेळताना पुढेमागे होतात, आणि ‘हा तुकडा तिकडे सरकव’ ही सूचना क्षणोक्षणी फसते, कारण मागच्या फ्रेममधला तुकडा पुढच्या फ्रेममध्ये त्याच रूपात सापडतच नाही. दिवे घाटातल्या पावसात प्रत्येक थेंब कोडेकच्या लेखी नवी माहिती असतो. सदाशिवनगरच्या किंवा खुडूसच्या गोल रिंगणात अश्व धावतो आणि कॅमेरा त्याच्यामागे झपाट्याने फिरतो, तेव्हा मागच्या गर्दीतले हजारो चेहरे एकदम सरकतात, शिवाय धूळ उडालेली असते. नेमक्या त्याच क्षणी, म्हणजे ज्यासाठी प्रेक्षक तासभर थांबलेला असतो त्या क्षणी, चित्राचा लगदा होतो. थेट प्रक्षेपणात अडचण आणखी वाढते. चित्रपट आटवताना संगणक तोच प्रसंग पुन्हापुन्हा तपासून, अवघड जागी जास्त बिट आणि सोप्या जागी कमी, अशी काटकसर करू शकतो. थेट प्रक्षेपणात त्याच्या हाती एक-दोन सेकंद असतात आणि पुढे काय येणार हे त्याला माहीत नसते. त्यातही फोनवरून ‘लाइव्ह’ केलेले चित्र आधी फोनच्या चिपमध्ये एच.२६४ ने आटते, मोबाइल नेटवर्कवरून कसेबसे वर चढते, आणि तिकडच्या सर्व्हरवर उलगडून पुन्हा वेगवेगळ्या दर्जांत आटवले जाते. अशा दुहेरी आटवणीत पहिल्या वेळी गेलेला तपशील दुसऱ्या वेळी परत येत नाही.

दरम्यान देशातली मागणी एकाएकी वाढली. स्टार इंडियाने फेब्रुवारी २०१५ मध्ये हॉटस्टार आणले, ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची ४जी सेवा सुरू झाली आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत डेटा फुकट मिळाल्याने ज्यांनी कधी इंटरनेटवर व्हिडिओ पाहिला नव्हता, त्यांना त्याची सवय लागली. चाकणच्या कारखान्यातून सुटलेला कामगार बसमध्ये सामना पाहू लागला, तो याच काळात. जुलै २०१९ मध्ये क्रिकेट विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एका क्षणी २ कोटी ५३ लाख जण पाहत होते. एवढ्या प्रेक्षकांच्या बाबतीत प्रत्येकी एक लाख बिट वाचले, तरी एकूण बचत सेकंदाला अडीच लाख कोटी बिटांची होते, आणि म्हणून कॉम्प्रेशन ही आता अभियंत्यांची आवड न राहता कंपनीच्या खर्चाची मोठी बाब झाली. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर केलेली पद्धत याच विचारातून आली होती: सर्व कार्यक्रमांना बिटांची एकच ठरीव शिडी लावण्याऐवजी प्रत्येक कार्यक्रमाची स्वतंत्र शिडी आखायची, कारण सपाट रंगांच्या ॲनिमेशनला जेवढे बिट पुरतात, तेवढ्यात मारामारीचा चित्रपट विद्रूप होतो.

नव्या कोडेकची वाट मात्र गणितापेक्षा पेटंटांनी जास्त अडवली. २०१३ मध्ये मंजूर झालेल्या एचईव्हीसी मानकाने एच.२६४ च्या निम्म्या बिटांत तोच दर्जा देण्याचे उद्दिष्ट बहुतांशी गाठले होते, पण त्याचे पेटंट निरनिराळ्या गटांच्या हाती विखुरले आणि कोणाला किती रॉयल्टी द्यायची याचा हिशेब सुटेना. तेव्हा गूगल, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, सिस्को आणि मोझिला यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये आघाडी करून रॉयल्टीमुक्त कोडेक बनवायला घेतला, आणि मार्च २०१८ मध्ये एव्ही१ प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये नेटफ्लिक्सने तो अँड्रॉइड फोनवर, डेटा वाचवू इच्छिणाऱ्या प्रेक्षकांसाठी, वापरायला सुरुवात केली. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी आली.

मार्च २०२० मध्ये शाळा, कार्यालये आणि करमणूक एकाच वेळी घरात शिरल्यावर नेटवर्कवर ताण पडणार, हे उघड होते. युरोपीय आयोगाच्या विनंतीवरून नेटफ्लिक्सने युरोपात बिटांचे प्रमाण एक चतुर्थांशाने कमी केले; भारतात मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने व्हिडिओ सेवांना तशीच विनंती केली, आणि २४ मार्च रोजी, म्हणजे देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली त्याच दिवशी, स्टार, सोनी, झी, व्हायकॉम१८, गूगल, फेसबुक, ॲमेझॉन, नेटफ्लिक्स आदींच्या प्रतिनिधींनी १४ एप्रिलपर्यंत एचडी थांबवून मोबाइल नेटवर्कवर ४८०पी पेक्षा वरचा दर्जा न देण्याचे ठरवले. ४८०पी म्हणजे उभ्या रेषेत ४८० पिक्सेलचे चित्र, फुल एचडीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढे. हा निर्णय प्रेक्षकांनी फारशी कुरकुर न करता स्वीकारला, यामागे राष्ट्रीय आपत्तीची जाणीव होतीच, पण तांत्रिक कारणही होते. डीव्हीडीच्या काळात याच आकाराच्या चित्राला ४० ते ५० लाख बिट लागत. २०२० च्या कोडेकना त्यासाठी दहा लाखांच्या आसपास पुरत होते, आणि पाच-सहा इंची पडद्यावर ते चांगलेच दिसत होते. सगळ्यांनी एकाच वेळी एक पायरी खाली उतरायचे आणि तरीही पाहण्याजोगे चित्र हाती राहायचे, हे एमपेग-२ च्या काळात साधले नसते.

या पार्श्वभूमीवर १३ जून २०२० रोजी आळंदीतून ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे प्रस्थान झाले, ते मोजक्या मानकरी-वारकऱ्यांच्या उपस्थितीत. पायी वारी रद्द झाली होती. पादुका आळंदीतच मुक्कामी राहिल्या, ३० जून रोजी दशमीला एसटी बसने पंढरपूरला गेल्या आणि १ जुलैला आषाढी एकादशी झाली. एरवी देऊळवाड्यात आणि बाहेर मिळून उभे राहायला जागा नसते, तो सोहळा भाविकांनी वृत्तवाहिन्यांवर आणि यूट्यूब-फेसबुकवरच्या थेट प्रक्षेपणात पाहिला. त्यात तंत्राच्या दृष्टीने एक विचित्र योगायोग होता: ज्या गर्दीमुळे वारीचे चित्रण आटवणे अवघड जाते, ती गर्दीच त्या वर्षी नव्हती. स्थिर कॅमेरा, मोकळा मंडप आणि मोजकी माणसे, असे चित्र कोणत्याही कोडेकला सोपे, आणि म्हणून कमी बिटांतही ते स्वच्छ राहू शकत होते. डिसेंबरमधल्या कार्तिकी यात्रेच्या वेळीही आळंदीत संचारबंदी होती, आणि २०२१ ची आषाढीही पादुकांनी बसनेच गाठली. एच.२६४ च्या घराण्यातले आणखी पुढचे मानक, व्हीव्हीसी, योगायोगाने २०२० च्या त्या आषाढीनंतर आठवड्याच्या आतच, जुलैच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण झाले. पण मानक मंजूर होणे आणि ते सामान्य फोनच्या चिपमध्ये उतरणे यांत वर्षे जातात, त्यामुळे त्या दोन वर्षांचा भार जुन्या एच.२६४ नेच बहुतांशी वाहिला.

या साऱ्याचा जमाखर्च मांडताना नेटवर्कचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही. टॉवर पोचला नसता, तर गणित कोणाच्या कामी आले नसते. पण टॉवर पोचल्यावर प्रेक्षकाच्या वाट्याला काय दर्जा येणार, हे कॉम्प्रेशनने ठरवले. दुसरीकडे प्रत्येक नवा कोडेक आटवण्यासाठी मागच्यापेक्षा कितीतरी जास्त गणन मागतो, ते परवडते मोठ्या कंपन्यांना, आणि त्याचा लाभ मिळतो नवा फोन घेणाऱ्याला. जुना फोन वापरणाऱ्यासाठी जुनीच, जास्त बिट खाणारी प्रत पाठवावी लागते. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, त्याचा डेटा जास्त खर्च होतो. ही विषमता अजून मिटलेली नाही.

दुसरा तोटा इतिहासाचा आहे आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. कोडेक जे टाकतो ते कायमचे जाते. यूट्यूबवर राहिलेली प्रत ही पाहण्यापुरती प्रत असते. ती उतरवून घेऊन व्हॉट्सॲपवर पाठवली की पुन्हा आटते, आणि दिंडीतल्या चेहऱ्यांच्या जागी रंगाचे फराटे उरतात. २१ जून २०२२ रोजी आळंदीतून पायी वारी पुन्हा निघाली, आणि थेट प्रक्षेपणही चालू राहिले. ते करणाऱ्या संस्थांनी, वाहिन्यांनी आणि दिंड्यांबरोबर चालणाऱ्या हौशी चित्रणकारांनी कॅमेऱ्यातली मूळ फाइल प्रक्षेपणानंतर पुसून न टाकता वेगळ्या हार्ड डिस्कवर, तारीख आणि मुक्कामाचे नाव घालून जपून ठेवावी. २०२० आणि २०२१ च्या मूळ फाइल ज्यांच्याकडे अजून असतील, त्यांनी हे काम आधी करावे.